मेजरनं दिलेलं डुक्कर

"डुक्कर घेऊन जा, म्हातारे. पण नाव मागू नकोस," मेजर म्हणाला.

मला दोन्ही हवं होतं. ब्रह्मदेशातल्या आमच्या करेन लोकांच्या डोंगरात बाईची अब्रू घेणाऱ्यानं स्वतः डुक्कर आणायचं, सगळ्यांदेखत कबूल करायचं आणि रक्त शेतात सांडायचं. नाहीतर माती विटते. यंदा भात पोचट निघालं, तेव्हा म्हातारी मंडळी नॉ क्रीच्या मागे लागली: डुक्कर येत नसेल तर तू गाव सोड. नॉ क्री विधवा. शेतावरून एकटी परतताना छावणीतल्या शिपायानं तिला धरलं होतं. आता तिनं जायचं कुठे? म्हणून मी छावणीत आले. गावची पाटीलकी माझ्याकडे, कारण पुरुष इथं आला तर मार खातो आणि म्हातारीला निदान चहा मिळतो. त्या दिवशी चहाही मिळाला नाही.

"साहेब, डुक्कर त्यानंच आणायला हवं."

"कुणी? माझ्या पलटणीत असा माणूसच नाही. सरकारी समितीनं लिहून दिलंय, असं काही घडलंच नाही."

"समिती गावात आलीच नाही साहेब. इथंच जेवली नि गेली."

"मग? जेवायला तुला बोलवायला हवं होतं का?" शिपाई हसले.

"घडलंच नाही, तर डुक्कर कशाला देता?"

"सणाची भेट." त्यानं कागद पुढे सरकवून वाचून दाखवला. भेट पोचली, गावाची काही तक्रार नाही. "अंगठा उठव, नाहीतर हात हलवत जा."

कुंपणातली निम्मी डुकरं आमच्याच गावातून उचललेली होती. रागानं मला रडू आलं. माझ्या अंगठ्यानं सरकार मोकळं होणार, हेही कळत होतं. तरी मी अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी शेतात गाव जमला. सॉ लेर आमच्यात सगळ्यांत थोरले. त्यांनी विचारलं, "डुकराचा दोर कोण धरणार?"

"तो यायचा नाही, दादा."

"मग हे नुसतं जेवणच झालं की गं. करणाऱ्यानं बोलल्याशिवाय मातीला पोचत नाही."

नॉ क्री उठली आणि तिनं माझ्या हातातला दोर घेतला.

"त्याच्या जागी मी बोलते."

"अगं, तुझा काय गुन्हा?"

"माझा नाही, मावशी. पण कुणीतरी बोलायला नको? मला इथंच राहायचंय."

ती गुडघे टेकून बसली. मातीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पाप केलं. ही बाई ओरडत होती, तरी मी सोडलं नाही. हिचा दोष नाही. हिला इथं राहू द्या."

सॉ लेरनी मान डोलावली आणि सुरी काढली. पाटीलकी माझी. मी डुकराचे पाय धरले.