पोटात पडलं ते पोचलं

मी जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरातल्या एका इमारतीच्या दारातली पत्रपेटी बोलतेय. झाकण खट्टकन वाजलं की अजूनही दचकते.

माझ्या कपाळावर 'जाहिराती नकोत' असं स्टिकर आहे. तेवढंच 'नाही' मला म्हणता येतं. बाकी पडेल ते गिळायचं. आणि इथे माझ्या पोटात पडलेलं पत्र माणसाला पोचलं असंच धरतात. वाचा, नका वाचू.

माझी मालकीण सुकन्या. पुरणपोळ्यांचा तिचा छोटासा, रीतसर नोंदवलेला धंदा. ऑगस्टमध्ये माझं कुलूप काढता काढता ती एका कॅन्टीनच्या लिंडनरबाईंशी फोनवर बोलत होती. "रोज ऐंशी? छानच कल्पना! जमवू आपण," म्हणाली. फोन ठेवला आणि पुटपुटली, "शक्यच नाही."

चौथ्या दिवशी पत्र पडलं. 'फोनवर ठरल्याप्रमाणे, ऑक्टोबर ते मार्च, कामाच्या प्रत्येक दिवशी ऐंशी पोळ्या.'

"अगं, नाही म्हणून कळव त्यांना," पुण्याहून आलेल्या सासूबाई, कुंदाताई म्हणाल्या.

"अहो आई, मी सही कुठे केलीय? उत्तर नाही आलं की समजतील त्या. नोव्हेंबरात मुक्ताचं लग्न. बहिणीच्या लग्नात करवली व्हायचं की इथे पोळ्या लाटायच्या?"

तीन आठवडे कुणी काही लिहिलं नाही. मग डिलिव्हरीचं वेळापत्रक पडलं. सुकन्याने माझ्यासमोरच सुरुचीला फोन लावला. ही तिची मैत्रीण, कायद्यात पीएच.डी. करते.

"गेनाऊ! नेमकी तिथेच चुकलीस," स्पीकरवर सुरुची म्हणाली. "धंद्यात असं पत्र आलं की लगेच हरकत घ्यायची. गप्प बसलीस, म्हणजे हो म्हणालीस."

"पण मी हो म्हटलंच नव्हतं गं!"

"नाही तरी कुठे म्हटलंस?"

सुकन्याने लग्नासाठी नोव्हेंबरात दोन आठवड्यांची सुट्टी मागितली. लिंडनरबाईंचं उत्तर नम्र होतं: मेन्यू छापून झालाय, दुसरं कुणी नाही, आम्ही तुमच्या भरवशावर आहोत. हाताशी असत्या त्या कुंदाताईही सप्टेंबरातच पुण्याला परतल्या. आता सुकन्या पहाटे साडेचारला उठते. हातांना वेलदोड्याचा वास, डोळे सुजलेले.

माझं एवढं ऐका. नकार द्यायचा तर त्याच दिवशी, लिहून द्या. मला येत नाही, तुम्हाला येतं.

आज पुण्याहून मुक्ताची लग्नपत्रिका आली. सुकन्याने मला उघडलं, पाकिटावरची हळद पाहिली आणि ते तसंच आत ठेवून कुलूप लावलं. जणू अजून आलंच नाही.

पण बाई, पोचलंय ते.