सगळे जुने लॉगिन बंद करावेत

"आता तुमच्या चाचणीच्या खात्यातला पत्ता उघडून बघा," तो म्हणाला.

फॉर्मवालीनं बघितला. "हा कुणाचा पत्ता?"

"माझ्या घरचा. तुमची औषधं आता माझ्याकडे येणार."

"पण काका, मी काहीच केलं नाही. तुम्ही पाठवलेली फुलांची चित्रं तेवढी बघितली."

"चित्रांखालचं 'पुढे' दाबलंत ना? त्या पानाच्या पोटात आपल्या ॲपचा पत्ता बदलायचा फॉर्म दडवलाय. तुम्ही 'पुढे' दाबलं, फॉर्म तुमच्या नावानं गेला. तुम्ही लॉगिन होतात, म्हणून ॲपला वाटलं तुम्हीच पाठवलाय."

"ॲप विचारत नाही?"

"ओळख विचारतं. मर्जी विचारत नाही."

"शंकाकाकांना घरी बोलावू नका रे," पलीकडून कुणीतरी म्हणालं, "दाराची कडी आधी बाहेरून काढून दाखवतील, मग बेल वाजवतील." सगळे हसले. तोही हसला.

घरपोच औषधांच्या त्या ॲपचे सगळे फॉर्म ती लिहायची, म्हणून ती फॉर्मवाली. जिभेनं तिखट, कामाला चोख. त्याचं काम तपासायचं, म्हणून तो शंकाकाका. दुसऱ्यानं जीव ओतून केलेल्या गोष्टीत खोट शोधायची आणि ती सभ्य भाषेत लिहून द्यायची, हे तो एकवीस वर्षं करत होता.

उपाय दुपारपर्यंत ठरला. यापुढे लॉगिन करणाऱ्याला अशी खूण मिळणार होती, जी परक्या पानावरून आलेल्या फॉर्मबरोबर जातच नाही. अडचण जुन्यांची होती. जे आधीच आत होते ते जुन्याच खुणेवर चालत राहणार, आणि या ॲपमध्ये एकदा आत गेलेला माणूस आपण होऊन बाहेर पडेपर्यंत आतच असायचा. म्हणून अहवालात त्यानं शेवटची ओळ लिहिली होती: सगळे जुने लॉगिन बंद करावेत.

साहेबांनी बोट नेमकं तिथंच ठेवलं.

"सगळ्यांना एकदम बाहेर काढायचं? काका, निम्म्यांना पासवर्ड आठवत नसतो. फोन घेता घेता आमचा जीव जाईल. नवे सुरक्षित झाले ना, मग जुने होतील हळूहळू. एवढी ओळ काढा, मी सही करतो."

एरवी तो तिथंच वाद घालत बसला असता. त्या दिवशी म्हणाला, "उद्या सांगतो."

फॉर्मवालीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. शंकाकाका आणि उद्या?

घरी आल्यावर दिवा न लावता तो आधी स्वयंपाकघरात गेला. फ्रिजशेजारच्या कोनाड्यात बायकोचा टॅब चार्जरला लावलेला होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या रक्तदाबाच्या गोळीची सूचना तिनं स्वतःच्या लॉगिनवर लावून ठेवली होती. तुमच्या हातात दिलं तर पहिल्या दिवशीच बंद करून बसाल, असं म्हणाली होती, आणि ते खरं होतं. रोज सकाळी नऊला टॅब वाजायचा आणि तिचे शब्द यायचे: "अहो, गोळी. पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही." मग तो गोळी घ्यायचा आणि 'घेतली' दाबायचा.

दिवसभरात त्याच्याशी घरात कुणी बोलत असेल तर ते एवढंच.

त्यानं लेकीला फोन लावला.

"आईच्या औषधांच्या ॲपचा पासवर्ड काय असेल गं?"

"तुमचा वाढदिवस टाकून बघा."

"मोबाइलवरून बघितला. तुझाही बघितला."

"बाबा, आई आहे ती. आपल्याला सापडेल असा ठेवेल का?"

त्याला हसू आलं.

"मग तिच्या नंबरवर कोड मागवा."

"नंबर आपणच बंद केला ना."

मग म्हणाली, "सूचना तुमच्या लॉगिनवर लावून घ्या. तेच शब्द टाका."

"मीच मला अहो म्हणू?"

"जेवलात का?" लेकीनं विचारलं. तो हो म्हणाला.

फोन ठेवून तो टॅबसमोर स्टूल ओढून बसला. ओळ काढली तर कुणी विचारणार नव्हतं. साहेबांनाच ती नको होती. खऱ्या माणसाच्या खात्यावर चाचणी करायची नाही हा नियम त्यानं आजवर एकदाही मोडला नव्हता. त्या संध्याकाळी मोडला. फुलांच्या पानात दडवलेला पत्ता बदलून ऑफिसचा केला, पान तिच्या टॅबवर उघडलं आणि 'पुढे' दाबलं.

तिचा पत्ता बदलला. घराचा पत्ता जाऊन तिथं ऑफिसचा आला. काही वाजलं नाही, कुणी काही विचारलं नाही. घरात कुणी पाहुणा आला तरी दाराच्या भोकातून दोनदा बघणारी बाई, आणि तिच्या नावानं कुणीही काहीही करावं.

त्यानं घराचा पत्ता परत टाकायला घेतला. मजला, सोसायटी, गल्ली. ती लिहायची तसाच, दाराच्या रंगासकट. दोनदा चुकलं. मग उठून कोनाड्यासमोर उभ्याउभ्याच त्यानं मोबाइलवरून साहेबांना कळवलं: ओळ राहील. ती काढायची असेल तर माझं नावही काढा.

ओळ राहिली. गुरुवारी पहाटे नवं ॲप चढलं.

त्या दिवशी त्यानं सकाळची रजा घेतली होती. नऊला तो स्टुलावर बसला होता. नऊ वाजून गेले. त्यानं टॅबला बोट लावलं. मोबाइल नंबर, पासवर्ड, अशा दोन रिकाम्या चौकटी आल्या. तो तसाच बसून राहिला.

साडेदहाला फॉर्मवालीचा फोन आला.

"काका, साहेब उगाच घाबरले होते. बहुतेक सगळे आले परत. तीनशेच्या आसपास राहिलेत. येतील, जातात कुठं."

"त्यांच्या गोळ्यांच्या सूचना?"

"लॉगिन नाही तर सूचना नाही."

"मग त्यांना पत्र पाठवा. घरच्या पत्त्यावर, कागदाचं. म्हातारी माणसं असतील, वाट बघत बसतील."

"कागदाचं?" ती म्हणाली. पण थट्टा केली नाही. "बरं. सांगा, काय लिहू?"

"लिहा, काही दिवस तुम्हाला सूचना येणार नाही. गोळी चुकवू नका."

"बस?"

"बस. अक्षर मोठं ठेवा."

तिनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि फोन ठेवला. तो उठला. गोळ्यांचं पाकीट काढून एक गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणी ओतलं आणि ओट्याशी उभ्यानंच ती घेतली. मग पेला विसळून पालथा घातला, आणि ऑफिसला जायला निघाला.