डोमाजीच्या बाकाशेजारची कढई

मी कढई बोलतेय. ढाणकीच्या बाजारात देवीलालच्या भट्टीवर बसलेली, बुडाला जाड काजळी धरलेली. माझी ओळख एवढीच असती, तर तोंड उघडलं नसतं.

छप्पन साली बौद्ध होऊन नागपूरहून परतताना डोमाजीनं मला विकत घेतलं आणि डोक्यावर पालथी घालून घरी आणलं. त्याची बायको तुळसाबाई हसली, "कढई आनली का टोपी?"

"खानावळ टाकून राह्यलो. आता कोनाच्या दारात हात पसरून पानी प्याचं नाही. आपल्या बाकावर सारं गाव बसन, जेवन."

त्यानं सागाचा बाक स्वतः रंधला. पत्र्यावर तांबड्या रंगात आपलं नाव लिहून घेतलं. तुळसाबाई भजी तळायला लागली की वास पार बैलगाड्यांपर्यंत जायचा. माणसं वासावर यायची, पत्रा वाचायची आणि पुढं जायची. नाव वाचूनच त्यांचं पोट भरत असावं! भाऊबंद येऊन मायेनं जेवायचे, पण हातावर पोट असलेली ती माणसं, रोज कुठून येणार? डोमाजी रोज बाक पुसायचा. मला फार वाईट वाटायचं.

पाच वर्षं रेटून खानावळ मोडली. देवीलालनं मला घेतलं, बाकही घेतला. बाकावर गोमूत्र शिंपडलं. मला भर बाजारात रिकामीच जाळावर ठेवून लालभडक केलं.

"लोखंड जाळलं का चोख," तो सगळ्यांना म्हणाला.

त्या दिवशी भजी हां हां म्हणता संपली. खाणारे तेच, पत्रा वाचून पुढं जाणारे.

परवाच्या बाजाराला डोमाजी आणि तुळसाबाई निंदणावरून आले. बाहेरच थांबले. देवीलाल माणूस वाईट नाही. त्यानं चार भजी जास्तच घातली, पण वरूनच, तिच्या पदरात.

तुळसाबाईनं मला ओळखलं. "आपलीच कढई न थे? लोखंड जाळलं तं चोख झालं म्हंते. मंग मानसाले काय करा लागते?"

"मानसाले बी जाळतेत, तुळसे. पन मंग थो जेवाले बसत नाही."

बाबांनो, मला खुशाल मोडीत घाला. पण त्याआधी एकदा त्या दोघांना बसवून माझ्यातलं गरम भजं वाढा. डोमाजी म्हणाला होता तसंच झालंय. त्यानं रंधलेल्या बाकावर सारं गाव बसून खातं. उभा आहे तो तेवढा डोमाजी.