बंद घराच्या कुलपाला तेल कोण घालतं?

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. स्वभावाने कडू आहे, आणि त्याला कारण आहे.

एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याने माझे सात खटके हाताने घासून बसवले. काकांनी मला नव्या घरासाठी आणलं. तीस वर्षं मी चोरांना बाहेर ठेवलं. "आमचं कुलूप माणसांपेक्षा भरवशाचं," असं काकू शेजारणींना सांगायच्या. माझा ऊर भरून यायचा.

काका गेले आणि पुतण्याने गोड बोलून घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. मग त्या मेल्याला कळलं, की रिकाम्या घराला घरपट्टीत सूट मिळते. त्याने अर्ज ठोकला, घरात कोणी राहत नाही. काकू तर आतच होत्या. म्हणून तो रोज सकाळी मला बाहेरून लावायचा आणि संध्याकाळी काढायचा.

"शिलाई मशीन अजिबात चालवायचं नाही, काकू. रस्त्यावर आवाज जातो. सूट गेली तर तुला या घरात ठेवणार नाही."

काकूंनी मशीनवर चादर टाकली. मशीनचं तेल पडून होतं. ते त्या दर शनिवारी संध्याकाळी माझ्यात घालायच्या. चोरांना अडवणारा मी, आता काकूंना कोंडत होतो. मला स्वतःचीच लाज वाटायची.

एका सकाळी घरपट्टीच्या तपासनीस बाई आल्या. पुतण्याने पायरीवर वाळका पाला पसरला होता, खिडकीवर धूळ उडवली होती. माझ्याकडे मात्र त्याचं लक्षच गेलं नाही.

बाईंनी मला हातात धरलं. बोटं तेलकट झाली.

"बंद घराच्या कुलपाला तेल कोण घालतं?"

"मीच की. घराची काळजी वाटते हो," पुतण्या म्हणाला. खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली नाही.

बाई लिहू लागल्या. मी जन्मात पहिल्यांदा आपणहून उघडायची धडपड केली. पण मला फार चांगलं बनवलं होतं.

तेवढ्यात दारामागून आवाज आला, "मी घालते. दर शनिवारी."

बाईंनी पेन थांबवलं आणि चावीसाठी हात पुढे केला.

सूट गेली, दंड बसला, चावी काकूंकडे आली. पुतण्या काकूंना हाकलायला आला, पण सरकारी कागदावर आता लिहिलेलं होतं, की या घरात काकू राहतात. तो दार बडवून गेला. आत मशीन चालू होतं.

मित्रांनो, कुलपांना तेल घालत जा. आणि आत माणूस असेल, तर चावी त्याच्याजवळ द्या. काकू आता मला आतून लावतात.