एक्कावन्नावं पत्र

ओट्यावर पालथं घातलेलं झाकण घसरलं आणि फरशीवर भोवऱ्यासारखं गरगरत राहिलं. दुपारची शांतता पार विस्कटली. सोफ्यावर झोपलेल्या भिंगरीनं डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली. ‘ऐकू येतं हिला,’ आईच्या मनात आलं. पाच वर्षांची, पानाची सळसळही टिपणारी पोर; तिच्या कानांची काळजी करायचं काही कारण नव्हतं. पण गेले तीन दिवस कुठलाही आवाज झाला की आईच्या मनात हेच येत होतं.

तिचं ऑफिस नवजात बाळांचे कान तपासायचं. पहिल्या तपासणीत शंका आली की दुसरीची तारीख बाळाच्या आईला ईमेलनं जायची. ती पत्रं आपोआप धाडणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञा, हिच्याच हातची. दर सोमवारी स्क्रिप्ट यादी उघडायची, एकेक पत्र पाठवायची आणि नावापुढे ‘पाठवलं’ अशी खूण करायची. आता एका आईची तक्रार आली होती. पत्र मिळालंच नाही, आणि वर विचारायला गेल्यावर ऑफिसच्या काउंटरवरच्या बाई चारचौघांत म्हणाल्या, ‘पोर जन्माला घालता, तारीख लक्षात ठेवता येत नाही?’ तक्रारीवर साहेबांचा शेरा : नेहमीचं रडगाणं. बघून बंद करा.

तिनं स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहिलं. फोन टिंग वाजला. दुसरं पाठवलं, तेही आलं. तीन दिवस हेच चाललं होतं. स्क्रिप्ट कशी सुतासारखी सरळ!

“एकेक काय पाठवतेस?” टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. “एकटं माणूस नीटच चालतं. घोळका निघाला की कळतं, मागे कोण राहिलं ते.”

मग तिनं यादीत स्वतःचाच पत्ता साठ वेळा घातला. “आई, मोजाल? मी इकडे पडद्यावर बघते.”

टिंग. सासूबाईंनी एक टरफल बाजूला ठेवलं. टिंग, दुसरं. टिंग टिंग टिंग. “अगं हळू, माझा हात आहे, यंत्र नाही!” भिंगरी उठली, डोळे चोळत आजीला चिकटली आणि सोललेले दाणे गट्ट करू लागली. मग फोन गप्प झाला. सासूबाईंनी टरफलं दहा-दहा करून लावली.

“पन्नास.”

पडद्यावर साठ ओळी होत्या. सगळ्यांपुढे ‘पाठवलं’.

“मग तुझं यंत्र खोटारडं आहे,” सासूबाई म्हणाल्या.

खोटारडंच. पत्रं पोचवणारा सर्व्हर एका दमात पन्नास पत्रं घ्यायचा आणि पुढची नाकारायचा. यादीत मोठी प्रसूतिगृहं वर, गावाबाहेरची चिमुकली तळाशी. म्हणजे दर सोमवारी उपाशी राहायचं ते शेपूटच. पण नाकारलं तर स्क्रिप्टनं ओरडायला हवं होतं. ती का ओरडली नाही?

स्क्रिप्टला गप्प करणारी ओळ तिला सापडली. ओळ तिचीच होती. आठ महिन्यांपूर्वी तापानं फणफणलेली भिंगरी मांडीवर होती आणि साहेब फोनवर : “तुझी ती स्क्रिप्ट दिवसभर मला चुकांचे इशारे धाडतेय. तिचं तोंड बंद कर आधी.” तिनं एका हातानं लिहून टाकलं होतं : पत्र नाकारलं तर गप्प राहा, पुढे चल. तात्पुरतं म्हणून. नंतर लक्षातूनच गेलं.

आठ महिन्यांत अशी पत्रं झाली होती दोनशे तेरा.

तिनं साहेबांना फोन लावला.

“शाब्बास!” सगळं ऐकून साहेब म्हणाले. “दुरुस्त कर आणि विषय संपव. जुन्याचं काय, नोंदीत ‘पाठवलं’ आहेच. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मुठीत बाळं आहेत, साहेब.”

“कविता नको. आणि ओळ कुणाची ते विसरू नकोस. तुझ्याच गळ्याशी येईल.”

“येऊ दे. सांगितलंत तुम्ही, पण लिहिली मी. म्हणून पत्रावर नावही माझंच घालतेय.”

“कसलं पत्र? थांब! मला विचारल्याशिवाय—”

“तोंड एकदा बंद केलं तुमच्या सांगण्यावरून. आता नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

आधी तिनं ती ओळ खोडली. सर्व्हरनं पत्र घेतल्याशिवाय खूण होणार नाही, असं केलं. मग लिहिलं : ‘तुमच्या बाळाची दुसरी तपासणी राहिली आहे. तारखेचं पत्र आम्ही पाठवलंच नव्हतं. चूक तुमची नव्हती, आमची होती. खालच्या नंबरवर मला फोन करा, लवकरात लवकरची तारीख मिळवून द्यायला मी स्वतः धावेन.’ खाली नाव आणि स्वतःचा नंबर.

चाळीस-चाळीसचे गट केले, मध्ये विसावा ठेवला. साहेबांचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. वाजू दे. शेवटची खूण झाली तेव्हा तिनं मोजलं : दोनशे तेरा. या वेळी खरी.

थोड्या वेळानं टिंग वाजलं. तक्रार करणाऱ्या त्याच बाईंचं उत्तर होतं. ‘घरात सगळे म्हणत होते, तूच विसरलीस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. उद्याच येते. बाळ आता नऊ महिन्यांचं आहे.’

तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. भिंगरी मांडीवर चढली.

“आई, त्या बाळाची आई त्याला रोज हाक मारते?”

“मारत असेलच की.”

“मग ऐकूच येत नसेल तर इतके दिवस बाळाला काय वाटलं असेल? आई बोलतच नाही आपल्याशी?”