येत नाय, बाई

चिमटीतला मोड आलेला वाल निसटून ताटात पडला, साल बोटांत राहिली – आणि आईची बोटं तोवर पुढच्या वालाकडे गेलीही होती. एकही दाणा दुभंगलेला नाही. प्रणिता बघत राहिली. हे आईला कुणी शिकवलं असेल? शिकवलं असं कुणी नसणारच. पेणजवळच्या त्या गावात लहानगी हौसा बिरडं सोलणाऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसली असेल, आणि उठेपर्यंत हातांना आलं असेल.

नावं मात्र आठवणीतून निसटत चालली होती. रोह्याला लेकीकडे आणली तेव्हा आईला ‘प्रणिता’ कधी सापडायचं, कधी नाही. प्रणिताला वाटलं, यावरचा उपाय आपल्याला माहीत आहे. नववीच्या एका तुकडीला तिने विज्ञानाचा धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावला होता, दुसऱ्या तुकडीला पुस्तक मिटून नुसते प्रश्न विचारले होते. महिन्यानंतर या दुसऱ्या तुकडीच्याच लक्षात जास्त राहिलं होतं. शिक्षकांच्या बैठकीत आलेख काढून तिने ते दाखवलंही होतं. आठवावं लागलं की आठवण पक्की होते – म्हणून रोज सकाळी चहाआधी ती आईच्या समोर बसायची. मी कोण? आठव... घाई नाही... मी कोण?

आणि आई शिकली. पद्धत चुकली नव्हतीच. आई रोज थोडं थोडं शिकत गेली – ही समोर बसते, ही प्रश्न विचारते, उत्तर चुकलं की हिचा चेहरा उतरतो. अशा माणसाला काय म्हणतात, हे तिसरीत शाळा सुटलेल्या हौसाला पक्कं ठाऊक होतं. आज सकाळी प्रश्न पुरा व्हायच्या आत तिने दोन्ही हात पदराखाली लपवले.

“येत नाय, बाई,” ती म्हणाली. “उद्या पाठ करून येते.”

त्यानंतर प्रणिताने काही विचारलं नव्हतं. त्या दोन्ही तुकड्यांना मी सगळं विचारलं, एवढं सोडून – मी वर्गात आले की तुम्हाला पोटात कसं होतं...

तिने ताट जरा आपल्याकडे ओढलं. सोललेलं बिरडं विकत आणणारा तिचा हात. पहिलाच वाल दाबला तो दुभंगला.

“असं नाय गो,” ताटावरची नजर न काढता आई म्हणाली. “मोड पुढं ठेव नि मागून दाब. हलक्या हातानं.”

गो. शाळेतल्या बाईंना कुणी गो म्हणत नाही. पण शेजारी बसलेल्या कुठल्याही पोरीला म्हणतात. वडखळच्या नाक्यावरच्या अनोळखी पोरीलाही आई म्हणाली असती. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे ती स्वतः दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून सांगते. मी कोण? – प्रश्न ओठांपर्यंत आला. आईचे हात ताटात उघडे होते. प्रश्न तिथेच थांबला.

कसं सोलायचं ते आता तिला कळलं होतं. तिने पुढचा वाल उचलला, उलटा धरला, आणि आईकडे कान देऊन मुद्दाम जोरात दाबला.