सोबतीला एकच

प्रसूतिकक्षाच्या दारावर पाटी होती : बाळंतिणीच्या पसंतीची एक बाई सोबत आत येऊ शकते. मोठ्या सिस्टरनी ती वाचली आणि पदर खोचला. चौतीस वर्षं असल्याच खोलीत काढून त्या निवृत्त झालेल्या. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आत दुसरं कोण जाणार?

लेक कळ ओसरेपर्यंत भिंत धरून उभी होती. मग म्हणाली, “सासूबाई येतील. आई, तू बाहेर बस.”

विहीणबाई! लोकांचे कपडे शिवणारी, सुईत दोरा ओवायला चष्मा शोधत फिरणारी बाई! मोठ्या सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला.

“अगं, त्यांना रक्त बघून घेरी येते.”

“येते खरी,” विहीणबाई म्हणाल्या. “पण पडले तर दवाखान्यातच पडेन ना, ताई!”

लेक त्या अवस्थेतही हसली. ते हसूसुद्धा विहिणीच्याच वाट्याला गेलं.

“मी का नको, ते तरी सांग.”

“शाळा सुटली की तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी पाढे पाठ करायचे. तू आत काय बोलायचीस, सगळं ऐकू यायचं, आई.”

पुढची कळ आली. लेकीने हात पुढे केला तो सासूकडे. दार लागलं.

मोठ्या सिस्टर बाकावर बसल्या. ‘आता का बोंबलतेस? तेव्हा गोड वाटलं ना?’ आणि मांडीवर फाडकन चापट. त्या काळी सगळ्याच तसं करायच्या. तीस खाटा आणि दोन सिस्टर. जाताना बायका उलट हातच जोडायच्या. एकीने मात्र त्यांचं मनगट गच्च धरलं होतं. तिची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली होती.

आतून एका तरुण सिस्टरचा आवाज कडाडला, “ए, आवाज बंद! नाहीतर जाते मी सोडून!”

मोठ्या सिस्टर ताडकन उठल्या, दाराला हात घातला. तेवढ्यात विहीणबाई बोलल्या, “ओरडू दे तिला. तुम्ही कानांत कापूस घाला हवं तर. आणि हात लावायच्या आधी विचारायचं तिला. मी इथेच उभी आहे.”

हात दारावरच राहिला. एवढं साधं बोलणं, आणि तेही त्या शिवणकामवालीने बोलून टाकलं!

तासाभराने विहीणबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या. “मुलगी झाली, ताई! दोघी छान आहेत. आणि घेरी नाही आली हो मला!”

त्यांच्या मनगटावर नखांच्या चार लालभडक खुणा होत्या. मोठ्या सिस्टर बघतच राहिल्या. मग पर्समधून औषधाची बाटली नि कापूस काढून त्यांनी ते मनगट पुढ्यात ओढलं.

“अहो ताई, चुरचुरतंय!”

“चुरचुरणारच,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि जरा जास्तच जोराने पुसत राहिल्या.